दुसरा ब्रेक

ज्या बाईने या शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला शिकवली, तिच्याच गाडीला माझ्या सख्ख्या भावाने दावं बांधलं. घरी सोफ्यावर बसून, एका अंगठ्याने, कोणाला न सांगता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मला गोष्ट रंगवून सांगता येत नाही आणि या गोष्टीवर माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

ती बाई म्हणजे आमची आत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. आजोबा टॅक्सी चालवायचे. रोज सकाळी टॅक्सी धुण्याचं काम माझ्या वडिलांचं होतं आणि ते अंगाला तेल लावल्यासारखे त्यातून निसटायचे, म्हणून ते आत्याच्या गळ्यात पडलं. धुता धुता ती गाडी हातभर पुढे घ्यायला शिकली, मग हातभर मागे, आणि एके दिवशी आजोबा चहा पिऊन बाहेर आले तर टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभी आणि आत्या आत. आजोबा रागावले नाहीत. "आरशात बघितलंस का?" एवढंच त्यांनी विचारलं म्हणे. हाच प्रश्न पुढे आत्याने उभ्या गावाला विचारला.

तिने ड्रायव्हिंग स्कूल काढलं ते एका जुन्या गाडीवर. टपावर पिवळी पाटी, आणि घराची पुढची खोली म्हणजे ऑफिस. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता. त्या तक्त्यावर ऊन पडून पडून थांबायची लाल खूण गुलाबी झाली होती. लोक तिला तोंडावर 'बाई' म्हणायचे आणि पाठीमागे 'हाफक्लच', कारण चढावर गाडी उभी राहिली की ती त्या एका शब्दाने माणसाच्या कानाचे पडदे हलवायची. तिला हे नाव माहीत होतं. "पूर्ण क्लच म्हणाले असते तर वाईट वाटलं असतं," असं ती म्हणायची. लग्न केलं नाही. कोणी फार खोदून विचारलं तर सांगायची, स्टिअरिंग ज्याच्या हातात द्यावं असा एकही बघायला आला नाही, सगळे आपापल्या आईला विचारून वळत होते.

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गोंधळला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा, म्हणजे अनर्थ टळतो. बाकीचे शिकवणारे तो असा खाडकन दाबतात की शिकणाऱ्याचं नाक काचेला लागायचं बाकी राहतं, आणि वर चार माणसांत त्याची शोभा करतात. आत्याचं तसं नव्हतं. ती हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसायची, आणि तिचा उजवा पाय इतका हलकेच दाबायचा की समोरच्याला वाटावं आपणच गाडी थांबवली. "बघितलंत बाई, थांबवली मी," असं तो फुशारकीने सांगायचा. आत्या म्हणायची, "हं. पण आरशात बघितलं नाहीस." तिच्या बुटांच्या जोडीतला एकच बूट झिजायचा, उजवा. तो पाय तिचा अभिमान होता. एखादी बाई आपल्या केसांबद्दल बोलेल तशी ती त्या पायाबद्दल बोलायची.

आणि तिच्या स्कूलची एक रीत होती. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी ती बूट काढून मागच्या सीटवर टाकायची आणि शेजारच्या सीटवर चक्क मांडी घालून बसायची. "पाय वर," असं जाहीर करायची. म्हणजे आता दुसऱ्या ब्रेकवर कोणी नाही, गाडी तुझी, तू आणि तुझं नशीब. लोकांना परीक्षेची भीती वाटायची नाही, पण त्या मांडीची वाटायची. मोठमोठी माणसं आत्याच्या दुमडलेल्या पायांकडे बघून घामाघूम झालेली मी पाहिली आहेत. परवाना सरकार देतं, पण आमच्या गावात विचारायचे ते असं की, बाईंनी पाय वर घेतले का?

दादाला, म्हणजे माझ्या या भावालाही, तिनेच शिकवलं. पाण्याच्या टाकीच्या उतारावर त्याने गाडी तीनदा मागे सोडली होती आणि मागे टाकीची दगडी भिंत होती. तिन्ही वेळा गाडी भिंतीच्या वीतभर अलीकडे थांबली. घरी येऊन याने काय सांगितलं असेल? "मी वेळेवर ब्रेक मारला." आत्या तिथेच जेवत होती. तिने फक्त मीठ मागून घेतलं.

पुढे आत्याचे गुडघे कुरकुरायला लागले. गाडीचे सुटे भाग मिळेनासे झाले, आणि मोठ्या रस्त्यावर काचेचं एक स्कूल आलं, जिथे मुलं पडद्यासमोर बसून खोटं स्टिअरिंग फिरवायची. आत्याने गाडी भंगारात दिली आणि पिवळी पाटी माळ्यावर टाकली. त्यानंतर ती आमच्या गाड्यांत मागच्या सीटवर बसायची. मला ते बघवत नसे. पुढचा सिग्नल लाल झाला की मागे तिचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा आणि बुटाचा बारीक आवाज यायचा.

आता बेकरीवालीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरूनच झालं. बेकरीवाली ही आत्याची पहिली विद्यार्थिनी. नवरा बेकरी आणि दोन भट्ट्या मागे टाकून दुसरीकडे संसार थाटायला निघून गेला, तेव्हा पावाची व्हॅन चालवायला कोणी नव्हतं. ती आत्याकडे आली आणि म्हणाली, "मला चार दिवसांत शिकवा, पाव शिळे होतात." शिकली. त्यानंतर दोघींची मैत्री जी झाली ती उभ्या जन्माची. अलीकडे बेकरीवालीला झटका आला आणि तिची वाचा गेली. ओळख मात्र शाबूत होती. लेक दूरच्या गावी, म्हणून ती नदीपलीकडच्या टेकडीवरच्या शुश्रूषागृहात राहायची. आत्या दर मंगळवारी दोन बस बदलून आणि टेकडी चढून तिच्याकडे जायची, आणि परत आली की रात्रभर गुडघे शेकत बसायची.

मग दादाने गाडी दिली. छोटी, विजेवर चालणारी, लोण्याच्या रंगाची, कपाट आडवं करून त्याला चाकं लावावीत एवढी. पुढे दोघं ऐसपैस, मागे बसायचं तर गुडघे हनुवटीला. घरातल्या साध्या प्लगवर चार्ज होणारी. शहरात फिरायला लोक हल्ली अशाच गाड्या घेतात. कुठेही मावते, खर्च नाही, धूर नाही. दादाने किल्लीला रिबीन बांधून आणली होती. सगळ्या नातेवाइकांनी त्याला डोक्यावर घेतलं. भाचा असावा तर असा, वगैरे. वहिनीने फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

आत्याने आधी नाक मुरडलं. तिचं सगळं शिकवणं कानावर होतं. इंजिनाचा आवाज ऐकून ती सांगायची की माणूस घाबरलाय, चिडलाय की झोपेत आहे. "ही मुकी आहे," ती म्हणाली. "आणि क्लचच नाही. मग माझ्या नावाचं काय करायचं?" डाव्या पायाला काही कामच उरलं नाही, म्हणून तो नुसता पाहुण्यासारखा बसून राहायचा. पण आठवडाभरात ती त्या गाडीच्या प्रेमात पडली. भाजीबाजाराच्या बोळातून गाडी काढायची, दोन मोठ्या गाड्यांच्या मधल्या फटीत लावायची आणि त्या गाड्यांचे मालक आले की त्यांच्याकडे बघून हसायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर खाली सोडायची आणि "तिला जेवायला घातलं" म्हणायची. मंगळवारी बेकरीवालीला शेजारी बसवून टेकडीला दोन चकरा मारायची. गाडी मुकी, बेकरीवाली मुकी, आणि मध्ये आत्या एकटी बडबडणार. शुश्रूषागृहातली बाई सांगायची की मंगळवारी सकाळपासून बेकरीवालीची मान दाराकडेच वळलेली असते.

काही दिवस असेच बरे गेले. मग आत्याच्या लक्षात आलं की गाडी पहिल्यासारखी पळत नाही. मोकळ्या रस्त्यावर पाय पूर्ण दाबला तरी सायकलवाले पुढे निघून जातात. तिने दादाला विचारलं. माझ्यासमोर विचारलं, म्हणून मी सांगते. "गाडी ओढत नाही का रे? की माझाच पाय हलका पडतोय?" दादा बिस्कीट खात होता. तो म्हणाला, "वय झालं आता, आत्या. पायातला जोर कमी होणारच."

तिला ते खरं वाटलं. माझं डोकं फिरतं ते इथे. जिने पायाने माणसं सांभाळली, तिला तिच्या पायावरच शंका आली. तिने डॉक्टरला पाय दाखवला. डॉक्टर म्हणाला, गुडघा झिजलाय पण पायात जोर ठीक आहे. तिचा विश्वास बसला नाही. घरी वजनकाटा भिंतीला टेकवून ती खुर्चीत बसायची आणि उजव्या पायाने तो दाबून काटा कुठवर जातो ते बघायची. मी गेले की मला दाखवायची. "कालच्यापेक्षा बरा आहे ना गं?" माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांना विचारते, हे अक्षर स्पष्ट दिसतंय की ते? माणूस स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गमावतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. आत्याचा चेहरा तसा झाला होता. दादानेही तो वजनकाटा पाहिला होता. तो हसला होता आणि म्हणाला होता, "चांगला व्यायाम आहे."

त्या मंगळवारी सकाळी शुश्रूषागृहातून फोन आला. बेकरीवालीची लेक आली होती आणि दुपारच्या चहानंतर आईला कायमची आपल्या गावी घेऊन जाणार होती. भेटायचं असेल तर आजच या. आत्याने घाईघाईने साडी बदलली, बेकरीवालीला आवडतात म्हणून पिवळी फुलं घेतली आणि निघाली.

नदीच्या पुलावर निम्म्यात आली आणि गाडी रांगायला लागली. माणूस चालेल तेवढा वेग, वर टुंग टुंग आवाज. मागे ट्रकची रांग लागली आणि हॉर्न सुरू झाले. एक जण खिडकीतून ओरडला, "म्हातारे, घरी बस." तिने गाडी कडेला घेतली, बंद केली, परत सुरू केली. तेच. मग तिने बूट काढला. अनवाणी पायाने, सगळा जोर लावून ती पेडल दाबत राहिली, आणि गाडी गोगलगायीसारखी पुढे सरकत राहिली. पायाची बोटं पांढरी पडली, असं तिने मला नंतर सांगितलं. तिने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज मला ओळखूच आला नाही. "माझा पाय गेला गं," ती म्हणाली. मला वाटलं अपघात झाला. मी दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा तसाच ठेवून स्कूटर काढली.

मी पोचले तेव्हा तिच्यामागे घरोघर सामान पोचवणारी एक व्हॅन उभी होती, तीही विजेवरची. तिचा ड्रायव्हर आत्याच्या खिडकीशी वाकला होता. हातावर, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर शाळेतल्या बाई भेटल्याचा भाव. मांडीच्या परीक्षेतून तोही गेलेला होता.

"बाई, तुमच्या पायाला काही झालेलं नाही," तो सांगत होता. "गाडी बांधलेली आहे."

"बांधलेली म्हणजे?"

"आमच्या मालकाने पण आमच्या व्हॅन बांधल्यात. फोनवर नकाशा असतो, त्यावर बोटाने हद्द आखायची. हद्दीबाहेर गेलं की गाडी अशी रांगते. ज्याच्या फोनमध्ये अ‍ॅप असेल तो करू शकतो. तुमच्या गाडीचं अ‍ॅप कोणाकडे असतं?"

"भाच्याकडे," आत्या म्हणाली. मग तिने विचारलं, "वेगही बांधता येतो?"

"वेगही येतो की. तो तर आधी बांधतात."

आत्याने आपल्या अनवाणी पायाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ती उशिराचा विचार करत नव्हती, बेकरीवालीचाही नाही. तिच्या डोळ्यांसमोर वजनकाटा होता, हे मी शपथेवर सांगते.

व्हॅनवाल्याने तिला टेकडीवर सोडलं असतं, पण त्याच्या व्हॅनची हद्दही पुलाशीच संपत होती, आणि तेवढ्यात त्याला ऑफिसमधून फोन आलाच, गाडी का थांबली म्हणून. बिचारा बाईंच्या पाया पडायला वाकला आणि फोनवर शिव्या खात निघून गेला. मी दादाला लागोपाठ फोन लावले. उचलला नाही. मग गाडी तिथेच कडेला सोडली आणि आत्याला स्कूटरवर मागे बसवलं. तिचा गुडघा वाकेना, तरी बसली. फुलं तिच्या हातात होती आणि वाऱ्याने त्यांच्या पाकळ्या उडत होत्या.

पोचलो तेव्हा खोलीतली बाई पलंगावरची चादर काढत होती. तिने सांगितलं, लेकीला लांब जायचं होतं, ती तरी किती थांबणार? बेकरीवाली चाकांच्या खुर्चीत फाटकाशी बसून होती. खुर्ची हलवायला गेलं की फाटकाचा गज धरून ठेवायची. शेवटी लेकीने एकेक बोट सोडवलं. आत्याने ऐकून घेतलं, फुलं त्या बाईच्या हातात दिली आणि म्हणाली, "पाण्यात ठेवा."

तिथून आम्ही थेट दादाकडे गेलो. संध्याकाळ होत होती. दादा सोफ्यावर, वहिनीने पाणी आणून दिलं, टीव्ही चालू. मी टीव्ही बंद केला.

"पुलापाशी काय झालं ते तुला माहीत आहे?" मी विचारलं.

"हो, अलर्ट आला होता," तो म्हणाला. "मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, कळेल आणि जाईल परत."

म्हणजे याने बघितलं होतं. नकाशावर एक ठिपका पुलावर हद्दीशी धडका देत होता, ती आपली आत्या आहे हे याला माहीत होतं, आणि याने फोन पालथा घालून ठेवला. माझ्या तोंडून जे निघालं ते मी इथे लिहीत नाही. वहिनीने खिडक्या लावून घेतल्या एवढं सांगते.

आत्या मात्र शांत होती. "गाडीचा वेग कधी बांधलास?" तिने विचारलं.

"अगं, पहिल्या महिन्यातच. तू बोळातून गाडी काढतेस हे कोणीतरी मला सांगितलं. आणि हद्द नंतर घातली, तुला टेकडीवरून यायला अंधार झाला होता तेव्हा. सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?"

"माझ्या पायाबद्दल मी तुला विचारलं होतं."

दादाने नजर बंद टीव्हीकडे वळवली. निदान तेवढी लाज त्याला होती. पण लाज फार वेळ टिकली नाही, कारण वहिनी मध्ये म्हणाली, "आत्या, तुमच्या काळजीपोटीच केलं हो यांनी." आणि त्याला बळ आलं.

"उद्या काही झालं असतं तर लोकांनी मलाच धरलं असतं," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का, तू तरी काय करायचीस? शेजारी बसून आमचे ब्रेक दाबायचीस आणि आम्हाला कळूही द्यायची नाहीस. टाकीच्या उतारावर गाडी मी थांबवली नव्हती, हे काय मला ठाऊक नाही? मी वेगळं काय केलं? तूच शिकवलंस ते केलं."

त्याचं म्हणणं मला खोटं पाडता येईना, आणि त्याचा मला आणखी राग आला. आत्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी गाडीत असायचे," ती म्हणाली. "ती भिंत तुझ्या पाठीमागे होती तशी माझ्याही पाठीमागे होती. तू चुकला असतास तर माझंही डोकं फुटलं असतं. म्हणून मला ब्रेक दाबायचा हक्क होता. तू सोफ्यावर बसून दाबलास." तिने श्वास घेतला. "आणि शेवटच्या दिवशी मी पाय वर घेतले होते. तू पुलापर्यंत जाऊन आलास, मी मांडी घालून बसले होते. तू तुझा पाय वर कधी घेणार होतास? माझा कुठला शेवटचा दिवस तू ठरवला होतास?"

मग माझ्या भावाने, ज्याला कंपनीत म्हणे फार हुशार समजतात, फोन हातात घेतला आणि म्हणाला, "बरं, हद्द मोठी करून देतो. टेकडी आत घेतो."

आत्याने किल्ली काढून टेबलावर ठेवली. रिबीन अजून तिला तशीच होती. ती उठली आणि जिना उतरून चालू लागली. मी तिला स्कूटरवर बस म्हटलं तर नको म्हणाली. सगळा रस्ता मी स्कूटर ढकलत तिच्याबरोबर चालले.

नंतर तिने दादाचा विषय काढला नाही आणि त्याला दारात उभंही केलं नाही. नातेवाईक समजूत घालायला आले. मुलाने भेट दिली ती तोंडावर फेकायची म्हणजे काय, हा सगळ्यांचा सूर. एक काका तर म्हणाले, आमच्या वयात आम्हाला कोणी सायकल पण देत नाही. आत्या सगळ्यांना चहा द्यायची आणि बाहेरचा रस्ता दाखवायची. वजनकाटा तिने भंगारवाल्याला देऊन टाकला.

मग बेकरीवालीच्या लेकीचा फोन आला. आईला दुसरा झटका आला होता, त्यातून वाचली, पण आता माणसं ओळखत नाही. आत्या फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मी दादाला फोन केला आणि हे एवढंच सांगून ठेवून दिला. त्याला काय वाटायचं ते वाटो.

रविवारी सकाळी तो ती लोण्याच्या रंगाची गाडी घेऊन आत्याच्या दारात आला. पूर्ण चार्ज करून, धुऊन. "सगळं काढून टाकलं, आत्या," तो म्हणाला. "वेग, हद्द, सगळं."

"मला कसं कळणार?" आत्या म्हणाली. "उद्या परत घालशील. तेव्हाही मला कळलं नव्हतं."

मग पायरीवर बसून त्याने स्वतःच्या फोनमधून गाडी काढून आत्याच्या फोनमध्ये घातली. मी चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून प्रत्येक बटण बघत होते, तपासनिसासारखी. गाडीचा मालक म्हणून आत्याचं नाव आलं तेव्हा मी मान डोलावली.

"आता बस," आत्या त्याला म्हणाली. "माझ्या शेजारी. बेकरीवालीच्या गावाला जायचंय."

"एवढ्या लांब? आत्या, ही शहरात चालवायची गाडी आहे. मध्ये थांबून चार्ज करावी लागेल, दिवस जाईल. आणि दुपारी माझं..."

"काळजी वाटते ना माझी?" ती म्हणाली. "मग शेजारी बसून कर."

तो बसला. मी मागे गुडघे हनुवटीला लावून बसले, मांडीवर चार्जिंगच्या वायरचं भेंडोळं. आत्याने गाडी सुरू केली आणि थांबली. दादाकडे न बघता म्हणाली, "बूट काढ. पाय वर."

माझा भाऊ आडव्या बांध्याचा आहे, आणि त्या गाडीत मांडी घालायची म्हणजे कपाटात गादी कोंबण्यासारखं. एक गुडघा दाराला, दुसरा गिअरच्या दांडीला. त्याने घातली. पुलावर आत्याने गाडी जी सोडली, ती मी तिला तशी चालवताना कितीतरी वर्षांनी बघितली. पुढे एक बस अचानक थांबली तेव्हा दादाच्या मांडीखालून उजवा पाय सुटला आणि जमिनीवर दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. आत्याने गाडी थांबवली, इतकी हलकेच की मागे मला कळलंही नाही. तिने नुसतं त्या पायाकडे बघितलं. त्याने तो वर घेतला.

वाटेत एका उपाहारगृहाच्या आवारात गाडी चार्जिंगला लावली, तेव्हा दादा खाली उतरून पाय झटकत फिरत होता. निघताना तो आपणहून मांडी घालून बसला. मला त्याची दया आली नाही.

बेकरीवाली खिडकीशी बसलेली होती. आत्याने तिचा हात हातात घेतला, तिने तो काढून घेतला, अनोळखी बाईपासून काढावा तसा. लेकीला विचारून आत्याने तिला गाडीत शेजारी बसवलं आणि घराभोवती चकरा मारल्या. आम्ही दोघं पायरीवर उभे होतो. आत्याचे ओठ हलताना काचेतून दिसत होते, ती सगळा वेळ बोलत होती. बेकरीवाली दुसऱ्या बाजूला, रस्त्याकडे बघत होती. परत आल्यावर तिला उतरवताना आत्याने तिच्या साडीची घडी नीट केली आणि एवढंच म्हणाली, "त्या मंगळवारी हिने मला ओळखलं असतं."

परतीच्या वाटेवर दादाचा एक पाय बधिर झाला असावा, तो हळूच चोळत होता. पूल आला, ओलांडला, आपलं शहर सुरू झालं, दिवे लागले.

"आत्या," तो म्हणाला. त्याचा आवाज टाकीच्या उतारावर गाडी मागे सुटताना झाला असेल तसा होता. "आता पाय खाली घेऊ का?"

आत्याने आरशात बघितलं, मग पुढे बघितलं.

"ती फाटकाचा गज धरून बसली होती," ती म्हणाली. "घर आल्यावर घे."